भिंतीवर रंगवलेली आई

आये,

रविवारी तुझ्या नावाची खोली उघडली. खोली म्हणजे मुलींची अभ्यासिका. म्हसळ्याच्या बाहेर, आपल्या वाडीकडे रस्ता वळतो ना, तिथं संस्थेच्या जागेत बांधलीय. आत टेबलं, पंखे, पुस्तकांची कपाटं, आणि बाहेर दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात तुझं नाव आणि तुझ्याबद्दलचा मजकूर. फीत मावशीच्या हातून कापली. आई असती तर तिच्याच हातून कापली असती, असं मी भाषणात म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू असतीस तर तो मजकूर लिहायची माझी छातीच झाली नसती, हे मात्र मी म्हटलं नाही.

मी नेमकं काय करतो, हे तुला कधी धड सांगता आलं नाही. "पोरगा समाजकार्यात हाय," एवढं तू सांगायचीस, आणि कुणी "म्हंजे काय करतो?" असं विचारलं की विषय सुकटीवर न्यायचीस. तर ऐक. सातवी-दहावीनंतर पोरींची शाळा का सुटते, हे आम्ही घरोघर फिरून विचारतो, लिहून काढतो, त्याचे अहवाल करतो. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांबरोबर आम्हीही खेटे घालतो. संध्याकाळचे वर्ग चालवतो. चांगलं काम आहे, आये, त्यात खोट नाही. पण हे काम चालावं म्हणून मुंबईहून पाहुणे आणावे लागतात. ते मांडव्याला बोटीतून उतरतात, गाडीनं इथवर येईपर्यंत पार आंबून जातात, नारळपाणी पितात, आणि मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगतो. "माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. आयुष्यात तिनं पुस्तक हातात धरलं नाही. पण पोरानं शिकावं म्हणून ती दुसऱ्यांच्या शेतात राबली." इथं मी थोडा थांबतो. थांबायचं कुठं ते आता मला पक्कं ठाऊक झालंय. पाहुण्यांचे डोळे भरतात. माझेही भरतात, ही तर मोठीच मौज आहे.

खरं काय ते तुला सांगायची गरज नाही. पण इतक्यांदा खोटं बोललोय की एकदा तरी खरं माझ्या हातून कागदावर उतरू दे. तू चुलीपुढे बसलेली आहेस. बाजारातून जवळा बांधून आलेला पेपर तू सोडवतेस, झटकतेस, आणि जाळाला लावायच्या आधी वाचतेस. फाटलेल्या कडेशी बातमी अर्धी तुटते, तर पुढं काय झालं असेल ते तू आपल्या मनानं जोडून मला सांगतेस, आणि तुझ्या जोडलेल्या बातमीत चोर हमखास सापडतो. भाकरी करपते. "जळू दे, आदी ह्ये ऐक," म्हणतेस. आणि वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, विहारात ग्रंथ वाचायचा मान तुझा. लावणी करून आलेल्या बाया अंग पुसून बसायच्या, कुणी पेंगायची, तू वाचता वाचता थांबून तिला नाव घेऊन उठवायचीस. आवाज कसा खणखणीत! शेवटच्या घरापर्यंत जायचा. वाडीत तुला 'वाचनारी' म्हणायचे. धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीला, पडवीच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून तूच शिकवलंस. लग्न होऊन ती तळा गावी गेली ती स्वतःची सही शिकून गेली.

अशा बाईला मी अडाणी केलं. आणि पहिल्यांदा केलं ते तुझ्यासमोरच.

वसतिगृहाच्या मुलाखतीचा दिवस तू विसरली नसशील. सातवीनंतर वाडीतून लांब जाऊन शिकायचं तर तिथं जागा मिळणं भाग होतं, आणि जागा थोड्या. आपण ओट्यावर रांगेत बसलोय. तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस, माझ्या केसांना इतकं तेल लावलंस की कपाळावर ओघळ येतोय. आत माझ्या पुढचा मुलगा उभा आहे. टेबलामागचे गृहस्थ त्याला विचारतात, आईवडील शिकलेले का, तो म्हणतो, "न्हाय, दोघंबी अडानी." गृहस्थांचा चेहरा एकदम मऊ होतो. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. ते मी दारातून पाहिलं. माझा नंबर आला, तू माझ्या मागं उभी, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आईला लिहितावाचता येत नाही." गृहस्थांनी तुझ्याकडे दयेनं पाहिलं, आणि शाईचा पॅड तुझ्यापुढं सरकवला. "इथं अंगठा द्या, बाई."

तू पदर सावरलास. माझ्याकडे पाहिलंस. तुझी सही किती झोकदार होती, शेवटच्या अक्षराला तू शेपटी काढायचीस. 'मला सही येते' एवढं तू म्हणाली असतीस तर मी तिथल्या तिथं खोटा ठरलो असतो आणि जागा गेली असती. तू अंगठा दिलास. दाबून, नीट, सांगितला तिथं.

परत येताना तू एक शब्द बोलली नाहीस. एसटी स्टँडवर आलो, आणि तिथं तुझं तोंड उघडलं. समोर जी गाडी लागेल तिची पाटी तू मोठ्यानं वाचायला लागलीस. "श्रीवर्धन!" "माणगाव मार्गे तळा!" "बोरीवली, जलद!" मग भिंतीवरच्या पाट्या. "थुंकू नये!" "खिसेकापूंपासून सावध राहा!" लोक वळून बघायला लागले. मी म्हणतोय, "आये, गप ना, लोक बघतात." तर तू आणखी चढ्या आवाजात. शेवटी वाचायला काही उरलं नाही तेव्हा खाली बसलीस, शाईचा अंगठा लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसलास आणि म्हणालीस, "येकदा दिला. तुज्यासाठी दिला. पुना माज्याकडं आंगठा मागू नको." मी मान हलवली. मला जागा मिळाली.

आणि मी काय केलं? तू जिवंत होतीस तोवर ही गोष्ट लांबलांबच्या गावी सांगितली, तुझ्या कानावर जाणार नाही अशा ठिकाणी. तू गेल्यावर मला रानच मोकळं मिळालं. सभेत, मुलाखतीत, पाहुण्यांपुढं, दर वेळी मी तुझा अंगठा घेत राहिलो. गेल्या वर्षी एका कार्यकर्त्या पोरीनं पाहणीत घरी न विचारताच एका बाईच्या नावापुढे 'निरक्षर' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सर, त्यांचे हातपाय बघून वाटलं." तिला मी सगळ्यांदेखत झाडलं. माणूस काय सांगतो ते लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, हाच अन्याय आहे वगैरे वगैरे. पोर रडली. घरी येऊन मी पोटभर जेवलो. मला लाज वाटते, आये. तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

ही अभ्यासिका झाली ती मुंबईच्या एका बाईंमुळं. बाई मनानं चांगल्या आहेत. तुझी गोष्ट ऐकून त्या माझ्यादेखत रडल्या आणि म्हणाल्या, "खोलीला तुमच्या आईचंच नाव द्या, आणि ही गोष्ट भिंतीवर लिहा." मी मजकूर करून दिला. 'स्वतः निरक्षर असूनही, जिने कधी पुस्तक हाती धरले नाही, त्या माउलीने मुलाला शिकवले.' पेंटरनं तो सुबक रंगवला. मावशीला बोलवायचं ठरलं तेव्हा तिला वाचता येतं हे मला आठवलं होतं, पण म्हटलं, म्हातारी झालीय, फीत कापेल, पेढा खाईल, जाईल.

कसली जातेय! फीत कापून झाली, फोटो झाले, आणि मावशीनं पिशवीतून चष्मा काढला. भिंतीजवळ गेली, बोट लावलं आणि तुझ्यासारखंच मोठ्यानं वाचायला लागली. तुझं नाव वाचलं. मग "स्वतः..." आणि थांबली. बोट तिथंच. पुन्हा मागं येऊन वाचलं, "स्वतः..." पुन्हा थांबली. मी तिच्या पाठीकडे बघत उभा. मग तिनं बोट उचललं, मधलं सगळं सोडून पुढं टेकवलं, आणि "त्या माउलीने मुलाला शिकवले," एवढंच वाचून चष्मा काढला. लोकांना वाटलं म्हातारीला जोडाक्षरं जमली नाहीत. बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अय्या, मावशींना वाचता येतं!"

पाहुणे गेल्यावर मावशीनं मला मागच्या ओट्यावर गाठलं. चहाला हात लावला नाही.

"कोन निरक्षर रं?"

"मावशे, ते असं लिहायची पद्धत असते."

"कुनाची पद्धत? मला वाचाया कुनी शिकवलं, तुज्या बापानं?"

मी तिला समजावायला गेलो. बाईंना तीच गोष्ट भावली, म्हणून खोली झाली. आता ती खोटी आहे म्हटलं तर त्या म्हणतील ह्यांचं सगळंच खोटं, अहवालही खोटे. हात काढून घेतील. मग पोरींचं काय?

"पोरींचं नाव फुडं करू नको," मावशी म्हणाली. "त्यांनी तुजं काय घोडं मारलंय? उद्या त्या हितंच बसून वाचतील, का ही बाई अडानी व्हती. आनि माजी भयन सगळ्या वाडीला वाचून दाखवत व्हती रं! तुला येकट्याला ऐकू आलं न्हाय व्हय?"

ती उठली. "पुसायचं काम त्या पेंटरचं. बाईला खरं सांगायचं काम तुजं. दोनी झाल्याबिगर मी तुज्या घराची पायरी चढनार न्हाय. सांगून ठेवते." आणि तळ्याच्या गाडीला चालती झाली. तुझ्यामागं मला 'रं' म्हणणारं हे एकच माणूस उरलंय, आये. तिनं पायरी चढणं सोडलं तर माझ्याकडे येणारे सगळे 'सर' म्हणणारेच.

दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावलं. तो घाबरला. "सर, तुम्ही लिहून दिलं तेच रंगवलं मी." "माहितीय रे," मी म्हटलं, "माझंच चुकलं." त्याच्यापुढं किती चटकन म्हणून गेलो! त्यानं ती ओळ पांढऱ्या रंगानं झाकली, वाळू दिली आणि दुपारी नवीन लिहिली, 'वर्षावासात वाडीच्या विहारात ग्रंथ वाचणारी.' तुझं नाव तसंच ठेवलं. छान दिसतं. दोन पोरी येऊन वाचूनही गेल्या.

मग बाईंना फोन लावला. लावायच्या आधी सगळं मनात घोकलं होतं. त्यांनी "बोला ना!" म्हटलं, इतक्या आपुलकीनं, की घोकलेलं सगळं बाजूलाच राहिलं. मी म्हटलं, "भिंतीवरचा मजकूर परत करून घेतोय. रंग ओघळला होता. पेंटरनं घोळ घातला." त्या म्हणाल्या, "ह्या लोकांना एक काम धड करायला नको. चांगला नाही का मिळत तुमच्याकडे कोणी?" आणि मी म्हणालो, "हो ना." जन्मभर ज्या दोन शब्दांविरुद्ध मी भाषणं झोडली, त्या 'ह्या लोकांना'वर मी 'हो ना' म्हणालो. फोन ठेवला. पुन्हा लावावा असं वाटलं. लावला नाही.

काल मावशीचा फोन आला. तिच्या नातवानं तिला मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला होता.

"वाचलं," म्हणाली. "झ्याक लिवलंय. आनि बाईला सांगितलंस?"

"व्हय, मावशे."

"समदं?"

"समदं."

"मग काय म्हनली?"

"काही नाही. समजून घेतलं त्यांनी."

पलीकडं मावशी रडायला लागली. म्हणाली, "येवढ्या मोट्या मानसापुढं खरं बोललास. माज्या भयनीचा ल्योक शोभलास रं. येत्या पौर्णिमेला विहारात समद्यांना सांगते. आनि येते तुज्याकडं, दोन दिस राहीन."

हे पत्र कुठं धाडायचं, तुला तर पत्ताच नाही, आणि जिला पत्ता आहे त्या मावशीला ते दाखवायची हिंमत नाही. म्हणून घडी घालून ठेवून देतो. तिला मी 'विहारात सांगू नको' म्हणायला हवं होतं, निदान 'थांब' तरी. म्हटलं नाही. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. माज्या भयनीचा ल्योक शोभलास, असं ती म्हणाली ना, आये, ते ऐकून मला बरं वाटलं.