बाबाचा चमचा वहिनीच्या हातात

जानेफळ, मंगळवार, संध्याकाळ

वहिनीवर जळून राह्यलो मी आज. इथं खरं लिहाले कोणाची चोरी हाय?

बाबाले लकवा झाल्यापासून त्यायले चमच्यानं मीच चारतो. आज दवाखान्यातली सिस्टर घरी पाहाले आली. बाबा कसे गिळतात, घरात त्यायचं कोण काय करते, सारं इचारलं. मंग म्हणे, "आता भरवून दाखवा बरं." मी रोजच्यासारखं मोठ्या मामाच्या घोरण्याची नक्कल करत पातळ खिचडीचा चमचा तोंडात देल्ला. बाबा वाकड्या तोंडानं खदखद हासले अन् असा ठसका लागला का डोळे लाल! सिस्टरनं त्यायले पुढं वाकोलं. मले म्हणे, "दादा, घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल. आजपासून वहिनी भरवतील."

बाबाले हासवणं तं माह्यंच काम हाय ना बे!

आता संध्याकाळी चमचा वहिनीच्या हातात. बाबा माह्याकडं पाहून घासाच्या आधीच हासाले लागले. वहिनी म्हणे, "भाऊजी, तुम्ही बाहीर बसा. तुमचं थोबाड पाहूनच ठसका लागते त्यायले."

ओट्यावर बसलो, पण कान आतच. वहिनीच्या हातानंही एक तरी ठसका लागावा, असं वाटलं मले. खरंच वाटलं. मंग सोताचीच लाज वाटली. ठसका काही आला नाही. वहिनीनं रिकामी वाटी आणून दाखोली. माह्या हातानं अर्धीच्या वर कधी गेली नव्हती.

बाबा पोटभर जेवले. मंग मले आनंद काऊन नाही झाला?