सरांना पातोड्या आवडल्या

२९ नोव्हें., शनि. अमरावती
पातोड्यांचा रस्सा पातेलंभर उरलाय. प्रमोद, नवरा बिचारा, दोन्ही वेळा तेच जेवला, तरी उरलाय. सर आले, बसले, गेले. खाल्लं काही नाही.

काल आमच्या वाचक मंडळात त्यांचं भाषण. आजचं जेवण आमच्याकडे, मीच भांडून मागून घेतलेलं. कॉलेजपासून ज्यांची कादंबरी उशाशी, ते घरी येणार! पुस्तकात सारजामाय कापूस वेचणाऱ्या बायांना जे वाढते तेच केलं. रश्श्यातल्या बेसनाच्या पातोड्या, ज्वारीची भाकर, ठेचा. एवढं वेड.

दारात चप्पल काढताना म्हणाले, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. आत आले, शोकेसवरच्या बुद्धाकडे पाहिलं. "वा, छान." मग म्हणाले, पोट बिघडलंय. पाणी पुढे केलं तर पिशवीतून स्वतःची बाटली काढली.
प्रवासात बिघडतंच पोट. वयही झालंय.
असेल ना?

३० नोव्हें., रवि.
आज अकोल्याला जायचा वार. नाही गेले. सर्दी झाली म्हणून बाबांना फोन केला. खोटं.

त्याआधी मंडळाच्या विलासचा फोन, स्वारी खुशीत. "ताई, सरांले पातोड्या लय आवडल्या बरं! दोनदा रस्सा घेतला."
"कोणाच्या पातोड्या?"
मग गडबडला. थोडं थोडं करून काढून घेतलं. आमच्याकडून निघाले ते थेट अध्यक्षांच्या घरी. तिथे भूक लागली. अध्यक्षीणबाईंनीही पातोड्याच केल्या होत्या, पुस्तकात आहेत म्हणून. तिथे पोट बरं होतं.

रस्सा मोरीत ओतला. रडले नाही. भांडी आपटली.
आजपासून या वहीत "सर" नाही. "तो".

३ डिसें., बुध.
नांदगाव पेठेच्या मिलमध्ये दिवसभर कापड तपासायचं, हे माझं काम. एकदा डाग दिसला की नजर सारखी तिथेच जाते, बाकी ताग्याचा रंग कितीही चांगला असो. घरी येऊन पुस्तक उघडलं. तसंच.

चौथं प्रकरण. "ज्याच्या घरची भाकर खाल्ली नाही, त्याचं दुःख लिहू नये." खाली माझी पेन्सिलची रेघ. ही ओळ मी कॉलेजच्या फळ्यावर लिहिली होती. पोरी वहीत उतरवून घेत होत्या.
सारजामाय आमच्यातलीच. आमच्याच मोहल्ल्यातल्या कुठल्यातरी बाईवरून घेतलेली, तो भाषणातही सांगतो. तिचं सगळं घेतलं यानं, भाकर सोडून.

प्रमोद म्हणे, "पुस्तकानं तुयं काय बिघडवलं? अन् असे लोक आपण पायले नाई का? आताच काहून नवल?"
पाहिले. पुष्कळ पाहिले. पण त्यांनी कोणी सारजामाय लिहिली नव्हती. ह्याला एवढंही कळू नये! प्रमोदशी बोलत नाहीये.

७ डिसें., रवि. अकोला
बाबांची नजर काचबिंदूनं गेली तेव्हापासून दर रविवारी येऊन मी वाचते. पुस्तक ठरलेलं, हेच; संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाबांचा नियमही ठरलेला: ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. हूं आलं नाही तर वाचणाऱ्यानं थांबायचं.

मी भाकरीचं पान गाळलं. गुपचूप दोन पानं उलटली.
हूं नाही.
"भाकर कुठी गेली वं?"
परत आले. वाचलं. गाडी दामटल्यासारखं वाचलं.
"तू वाचून रायली का रागावून रायली?"
काही नाही म्हटलं.

वर ही नवी गोष्ट. एकवीस तारखेला त्याचं अकोल्यात भाषण आहे आणि बाबांना जायचंय. दर्यापूर डेपोला ड्रायव्हर असताना बाबांच्या एसटीत एकानं बोकड चढवला होता. गर्दीत बोकड सीटवर आणि सरपंच उभा. हा तेव्हा त्याच गाडीत होता. पुस्तकातलं बोकडाचं प्रकरण ते. "त्याच्या हातात हात देतो अन् सांगतो, गाडी मी चालवून रायलो होतो." घरी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलंय हे. गल्लीत बाबांची ओळखच ती.
आता मी काय सांगू?

१४ डिसें., रवि. अकोला
सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण बाबा सकाळपासून त्याचंच कौतुक करत होते. "माणूस मोठा हाय, गरिबाचं जाणते." एवढ्यावर माझं डोकं फिरलं. सगळं ओकले.

"पाणीबी नाई घेतलं?"
"स्वतःच्या बाटलीतलं पिला."
"अन् तिकडं जेवला?"
"दोनदा रस्सा घेतला."
बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. पुस्तक उघडलं तर म्हणाले, "रायू दे आज."

एसटीत बसून लिहितेय. त्यानं मला उपाशी ठेवलं असं वाटतंय, खरं तर उपाशी तो गेला. आणि बाबांचं पुस्तक त्यानं नाही, मी हिसकावलं. दुसरं काय आहे त्यांच्याकडे? नजर नाही, आई नाही. एक बोकड होता. याचाही राग त्याच्यावरच. सगळा त्याच्यावर.

१८ डिसें., गुरु. अमरावती
अकोल्याहून वहिनीचा फोन. बाबा चार दिवस कोणाशी धड बोलत नाहीत. आज अचानक तिला विचारलं, बेसन आहे का घरात.
कशाला ते सांगत नाहीत.

२१ डिसें., रवि. अकोला
ऑटो यायचाय, तेवढ्यात लिहून ठेवते.
मोर्णेच्या पुलावरून घरी पोचले तर बाबा पांढरे कपडे करून, दाढी करून, खुर्चीत तयार. मांडीवर डबा.
"चाल."
"कुठं?"
"कार्यक्रमाले."
"बाबा, त्या माणसानं…"
"मायीत हाय मले. तुह्या वहिनीनं पातोड्या केल्या. सगळ्याइसमोर त्याच्या हाती देतो. बोकडाचंबी सांगतो. मंग आडनाव सांगतो. खाते का नाई पायतो."
"अन् नाही खाल्लं तर?"
"तर तू मले सांगजो. मले दिसत नाई ना."
हसत नव्हते. जबडा घट्ट होता. वहिनी दारामागून मला खुणावत होती, आवरा त्यांना. मी नाही आवरणार.

मग म्हणाले, "ऑटोले टाइम हाय. बोकडाचं वाच."
मी म्हटलं, नाही वाचत. त्या माणसाचं नाही वाचत.
"बोकड त्याचा नोयता. माह्या गाडीतला होता. वाच."

वाचलं. दात-ओठ खात वाचलं. हूं, हूं, हूं. कंडक्टर बोकडाचं अर्धं तिकीट फाडतो, तिथपर्यंत तोंड आवळून होते. मग ती ओळ आली, "बोकडाले सीट अन् सरपंचाले दांडा!" आणि मला हसू फुटलं. बाबाही हसले, डबा हलेपर्यंत. किती वेळा वाचलंय, तरी हसू आलंच. मेल्याला लिहिता येतं हो. वाईट लिहिलं असतं तर कधीच रद्दीत घालून मोकळी झाले असते.

ऑटो आला. डबा मी धरते म्हटलं, पण बाबा देत नाहीयेत.