झोपलेला संगणक आणि आईंचा फोटो

सुकावती, लांडेपच्या सणानंतरचा मंगळवार

आदरणीय गेडेदादांना नेंगाचा वाकून नमस्कार.

तुमच्या ऑफिसने टाकून दिलेला आणि तुम्ही मला फुकट पाठवलेला संगणक आजवर काय भावात पडला, ते आधी सांगतो: तुमच्या बहिणीच्या, मुर्तिनीच्या शिलाई मशीनची जागा, माझी दुपारची झोप आणि तुमच्या आईंचा अबोला. सुराबायात तुमचा गुडघा कसा आहे? इकडे आई ठणठणीत आहेत. इतक्या, की आपल्या अंत्ययात्रेत पुढे कोणता फोटो धरायचा तो त्यांनी स्वतःच निवडून ठेवलाय. (त्यात त्या हसताहेत. असा फोटो जगात एकच, तोही या संगणकात. ज्या फोनवर काढला तो भातखाचरात बुडाला.) माझ्या छपाईच्या दुकानात बॅनर छापतो तसा तो मोठा छापून द्यायचं मी कबूल केलं होतं.

तर लांडेपला आईंनी फर्मावलं, आज घरातल्या सगळ्या लोखंडाला विश्रांती. स्कूटर, कोयते, बर्फ किसायचं माझं जुनं यंत्र (याच्याच जिवावर मी हातगाडीवरून दुकानात आलो), सगळ्यांपुढे नैवेद्य मांडला. संगणक मी बंद न करता नुसता झोपवला, आणि आईंनी त्याच्यावर तांदूळ, फुलं आणि सढळ हाताने तीर्थ शिंपडलं. सकाळी तो उठेना. बटण दाबलं की पोटातला पंखा घरघरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाकुट्ट. मी बोलून गेलो, की आई, तुमच्या तीर्थाने हा बुडाला. त्या म्हणाल्या, "मला पोचवायला निघाला होता, माझ्याआधीच पोचला की." आणि बोलणं बंद.

शेजारचा काण्ड्रा स्कूटरी दुरुस्त करतो. त्याने किक कुठे आहे ते विचारलं. मला कुतूहल होतं ते वेगळंच. पंखा फिरतोय म्हणजे श्वास चालू आहे. मग हा जागा असून डोळे मिटून पडलाय का? (अशी माणसं असतात. देवळाची वर्गणी मागायला गेलं की भेटतात.) पडद्याची वायर काढून परत लावली, माऊस हलवला, कीबोर्ड उलटा केला तर मूठभर तांदूळ आणि चाफ्याची पाकळी पडली. तरी अंधारच. शेवटी श्वास पुरता थांबेपर्यंत बटण दाबून धरलं. मुर्तिनीने डोळे झाकून घेतले, "अहो, आईचा फोटो आहे त्यात." पुन्हा दाबलं, आणि उठला, फोटोसकट.

पण दोष कुणाचा? तांदूळ नाही, तीर्थ नाही, असा कोरडा ठेवून मी त्याला मुद्दाम परत झोपवला. परत उठेना. म्हणजे तीर्थ निर्दोष. हात जोडून आईंना तसं सांगितलं. "मला कुठे विचारलंत? मी आधीच सांगितलं असतं," म्हणाल्या, आणि अबोला सुटला. आता संगणक पुरता माझ्या मुठीत आहे, दादा. तुमच्या ऑफिसातल्या शिकलेल्यांनी हात टेकले, इथे बर्फाच्या गाडीवाल्याने बोट लावलं की पडदा लख्ख.

तुमचा,
नेंगा

ता. क. फोटो छापून आईंना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही तर माझी सासू." तेव्हा गालुंगानच्या सणाला तुमचा चांगला कॅमेरा घेऊन या. तोवर जायचा त्यांचा विचार नाही.

आणखी एक. संगणकाला तेव्हापासून आम्ही झोपू दिलेलं नाही. माऊस हलवत राहायच्या पाळ्या लावल्या आहेत. आत्ता आईंची चालू आहे.