धोतरावरचा पट्टा

॥ श्री गुरुबसव ॥
लोहारा, ता. १२ जून १९४४

चि. मल्लिनाथ यास बसप्पाचे आशीर्वाद. उपरी विशेष.

दिवाळीनंतरचं हे पहिलंच पत्र. माया उफाळून आली असं समजू नकोस, तक्रार करायची आहे म्हणून लिहितो. गिरणीतली कारकुनी सोडून तू कातड्याच्या कारखान्यात जाऊन बसलास, तेव्हाच मी ठरवलं होतं की तू घरी येऊन पाया पडेपर्यंत कागदाला हात लावायचा न्हाई. तू आला न्हाईस, कातडं मात्र पाठवलंस.

पार्सल जळकोटच्या मोटारवाल्यानं आणून दिलं. त्याआधी नाक्यावर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या जवानानं ते उघडून आतला पट्टा स्वतःच्या कमरेला लावून पाहिला. पोट आडवं आलं आणि बक्कल लागंना, तेव्हा कुठं जाऊ दिला. घरी तुझ्या आत्यानं लुगडं असंल म्हणून हावरेपणानं पुडा फोडला. हात लागताच अशी किंचाळली की साप निघाला समजून शेजारचे काठ्या घेऊन आले. मग तिनं आंघोळ केली, मला करायला लावली, आणि नीलम्मानं नुसतं लांबून पाहिलं होतं तरी तिच्याही डोक्यावर घागर ओतली. वर गळ्यात लिंग आणि खाली कमरेला कातडं, असं या घरात चालणार न्हाई म्हणाली. साठ वर्षं मी धोतर गाठीवर नेसतोय. तुझ्या पट्ट्यावाचून ते कधी सुटलं न्हाई.

एक गोष्ट मात्र खोटी कशाला सांगू. पट्टा वाटेत कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून सास्तूरच्या बाजाराला जाताना बरोबर घेतला होता. निम्म्या वाटेवर तट्टाच्या पोटाखालचा तंग तुटला आणि कापडाचं गाठोडं चिखलात जायच्या बेताला आलं. तुटलेली दोन टोकं पट्ट्यानं जोडली. तट्टू थेट बाजारापर्यंत गेलं आणि परतही आलं. तेव्हा पट्टा जनावराला बरा आहे. माणसाला नको.

नीलम्माचं मुरूमच्या महांतप्पाच्या मुलाशी जमत आलंय. माझा मुलगा सोलापुरात गिरणीत कारकून आहे, असंच मी त्यांना सांगितलंय. तोंड सांभाळ.

राग आहे तिथंच आहे. तू तब्येत सांभाळ.
बसप्पा


सोलापूर, ता. २० जून १९४४

तीर्थरूप अप्पांच्या चरणी मल्लिनाथचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या शिव्यांनी भरलेलं पत्र मिळालं. आठ महिन्यांनी तुमचं अक्षर दिसलं, त्यामुळं शिव्याही दोनदा वाचल्या.

तट्टाचं नशीब थोर. त्या पट्ट्याच्या आधी मी केलेले चार पट्टे आमच्या तुळजाराम उस्तादांनी नापास केले होते. ते पट्टा खिडकीच्या गजाला अडकवतात आणि स्वतः त्याला लोंबकळतात. टाका उसवला तर पट्टाही जातो आणि तो शिवणाऱ्याची अब्रूही. पाचवा टिकला, तो तुम्हाला पाठवला. पलटणीसाठी आम्ही जे करतो त्याच जातीचं कातडं आहे. मी पुण्याहून मालाच्या ट्रकवर, टपावर बसून आलो, तेव्हा माझ्या पट्ट्यानं स्वतःला टपावरच्या कडीला बांधून घेतलं होतं. शेजारचा माणूस दोनदा पडता पडता वाचला. मी घोरत होतो. खोलीतल्या बाजेचा पाय मोडला, तोही पट्ट्यानंच आवळलाय. खाणावळीत डाळीचं पाणी झालं की मी एक भोक आत जातो, आत्याची शेंगाचटणी आली की दोन भोकं बाहेर येतो.

आत्याला एवढं विचारा की ती सकाळ-संध्याकाळ ज्या शरण संतांची नावं घेते त्यांत हरळय्याही आहेत, ते जोडे शिवत होते की सोनारकाम करीत होते? मी विचारलं असं सांगू नका, चटणी बंद होईल.

कारकुनीत माझं मन मरून गेलं होतं, अप्पा. इथं संध्याकाळी माझ्या हातानं झालेली एक वस्तू समोर असते. मला याची लाज वाटत न्हाई. पण नीलम्मासाठी म्हणाल तितके दिवस गप्प बसेन.

लोभ नसला तर नसू द्या, पत्र असू द्या.
आपला आज्ञाधारक (बऱ्याच बाबतींत),
मल्लिनाथ


लोहारा, ता. ९ जुलै १९४४

चि. मल्लिनाथ यास आशीर्वाद. उपरी विशेष.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं न्हाई. हरळय्याचा सवाल मी माझाच म्हणून विचारला. ती म्हणाली, ते शरण होते आणि तुझा पोरगा गाढव आहे. मग मी विचारलं की मठात भजनाला मृदंग वाजतो तो कशाचा असतो. दोन दिवस मला ताटात भाकरी गार मिळाली.

आता नीट वाच आणि कागद फाडून टाक. तट्टावरून हिंडून हिंडून माझी कंबर धरली. उमरग्याच्या डॉक्टरानं पोटाला घट्ट काहीतरी बांधा म्हणून सांगितलं. उपरणं बांधलं, ते ढिलं व्हायचं. मग गोठ्यात कुणी नसताना तुझा पट्टा धोतरावर बांधून पाहिला. मल्ल्या, पहिल्यांदा वाकून गाठोडं उचललं आणि शिवा शिवा म्हणावं लागलं न्हाई. आता रोज कोटाखाली लावतो. मी ताठ चालायला लागलो यावरूनच आत्यानं ओळखलं. आता उंबऱ्यापाशी पट्टा काढून ठेवायचा आणि पाय धुवून आत यायचं, असा तह झालाय.

परवा वेशीतल्या त्या पिसाळलेल्या कुत्र्याला नुसतं बक्कल फिरवून दाखवलं, ते शेपूट घालून पळालं. गाडीच्या जुवाची शिवळ निसटून बैल सुटायला लागला तेव्हा एका शेतकऱ्यालाही दिला होता. हल्ली बाजारात लोक कापड सोडून पट्टाच बघतात. कुठला म्हणून विचारतात. सोलापूरचा, एवढंच सांगतो.

एक खोट आहे. जेवायला बसलं की बक्कलाची जीभ पोटात टोचते. तुझ्या उस्तादाला सांग की जीभ गव्हाभर आखूड पाहिजे.

राग थोडा पातळ झालाय, पण इतक्यात उड्या मारू नकोस.
बसप्पा


लोहारा, ता. ३ ऑगस्ट १९४४

प्रिय अण्णा यास नीलम्माचा नमस्कार. वि. वि.

अप्पा तुला हे लिहिणार न्हाईत आणि आत्याला लिहिता येत न्हाई, म्हणून मी लिहिते.

सोमवारी अप्पा आणि आत्या माझं लग्न पक्कं करायला मुरूमला गेले होते. सुपारी फुटायचीच राहिली होती. परतताना महांतप्पा त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला आले. वर कुठंतरी पाऊस झाला होता आणि ओढ्याला पोटरीभर पाणी होतं. आत्याला सगळ्यांनी थांब म्हटलं. ती म्हणाली, असले ओढे तिनं लग्नाआधी उड्या मारून ओलांडलेत. मधोमध गेली आणि लोंढा आला. पाय सुटला, आत्या वाहत खाली गेली आणि एका बाभळीच्या मुळीला अडकली. गळ्यापर्यंत पाणी आणि मुळी कडकड वाजत होती. अप्पा सांगतात, तेव्हा तिनं पहिल्यांदाच कुणाला शिवी दिली न्हाई, म्हणून त्यांना भीती वाटली.

अप्पा काठावर पालथे पडले. हात पोचंना. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि बक्कलाचं टोक तिच्याकडं फेकलं. महांतप्पांनी अप्पांचे पाय धरले. आत्या बक्कल धरीना. कातडं न्हाई, बक्कल पितळेचं आहे, असं अप्पा जीव खाऊन ओरडले, तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. ती वर आली, मुळी मागं तुटून गेली.

आत्या आता सगळ्या गल्लीला सांगते की तिनं कातड्याला बोटसुद्धा लावलं न्हाई. पितळ धरलं, पितळेला काही होत न्हाई.

पट्टा सोडल्यावर धोतराचं काय झालं ते तू समज. ते लोंढ्याबरोबर गेलं. अप्पा लंगोटीत आणि व्याही समोर उभे! महांतप्पांनी आपलं उपरणं दिलं आणि म्हणाले की असा पट्टा जन्मात पाहिला न्हाई, कुठून घेतला? आत्या थरथरत होती, तरी तिनं अप्पांना चिमटा काढला. बाजारातून घेतला एवढं म्हटलं की झालं असतं. अप्पा तिच्याकडं बघत राहिले, मग महांतप्पांना म्हणाले की घेतला न्हाई, माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं शिवलाय. तो कारकून न्हाई. तो सोलापुरात कातड्याचं काम करतो, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.

महांतप्पा तसेच मागं वळून निघाले. उपरणंही परत मागितलं न्हाई.

तीन दिवस झाले, निरोप न्हाई. अप्पा दारात उभे राहतात. मी तुझ्यावर रागावले न्हाई, अण्णा. थोडीशी घाबरलेय.

प्रेम ठेव, आणि मला न सांगता काही वेडेपणा करू नकोस.
तुझी बहीण,
नीलम्मा


सोलापूर, ता. ८ ऑगस्ट १९४४

ती. अप्पांच्या चरणी शि. सा. नमस्कार. वि. वि.

मला सगळं कळलं. कुणाकडून ते विचारू नका.

मी काल गिरणीत जाऊन जुन्या साहेबांना भेटलो. एक तारखेपासून जागा आहे म्हणाले. महांतप्पांना तसं कळवा. मुलगा चुकला होता, आता कारकुनीवर परत गेलाय, असं सांगा. उस्तादांना मी अजून बोललो न्हाई. नीलम्माचं घर माझ्या हौसेपायी मोडायला नको.

आत्या बरी आहे का? तिनं पितळ धरलं हे ऐकून इथं सगळ्यांना हसू आलं. मग उस्ताद म्हणाले की पितळ कातड्याला कुणी शिवलं होतं ते तिला विचारू नका, बाईमाणूस वाचलं यात आलं सगळं.

तुमच्या उत्तराची वाट बघतो.
मल्लिनाथ


लोहारा, ता. २५ ऑगस्ट १९४४

चि. मल्लिनाथ यास आशीर्वाद. उपरी विशेष.

गिरणीत पाऊल ठेवलंस तर तंगडी मोडून ठेवीन. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

मुरूमहून चिठ्ठी आली. मुलाच्या मामांना स्थळ पसंत न्हाई म्हणे. लग्न पक्कं करताना हे मामा कुणाच्या तोंडात न्हवते. नीलम्मा एक दिवस जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी जेवली आणि म्हणाली की मुलगा बघायला आला होता तेव्हा तिला एकच प्रश्न विचारला, पुरणपोळी किती पातळ लाटता येते. मी हसलो, पण पोरीचे डोळे सुजले होते. ते माझ्या खोट्यापायी. तुझ्या कामापायी न्हवे. आधीच खरं सांगितलं असतं तर तिनं त्या घराची स्वप्नं तरी पाहिली नसती. हे मी तिला बोलून दाखवलं. बाप लेकीपुढं असं बोलत न्हाई, पण बोललो.

आता गंमत ऐक. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसानं जाताना मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की महांतप्पांना तसला एक पट्टा पाहिजे, कुणाला न कळता. म्हटलं, त्यांना म्हणावं कमरेचं माप द्यायला भर बाजारात माझ्या दुकानावर या, चार माणसांदेखत माप घेतो. तो गेला तो गेलाच.

लोहाऱ्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे तू काय करतोस. दोघांनी माझ्याकडून कापड घ्यायचं सोडलं. पाच जणांनी पट्ट्यांची चौकशी केली. आत्या म्हणते तिला वेगळी खोली द्या. दिली. संध्याकाळी चटणी कुटून तुझ्यासाठी डबा भरला तिनंच.

पुढच्या महिन्यात मी सोलापूरला येतो. मला घ्यायला येऊ नकोस. वाट विचारत येईन.

रागाचं काय झालं ते आल्यावर बघू.
बसप्पा


सोलापूर, ता. १९ सप्टेंबर १९४४

चि. नीलम्मा हिला मल्लिनाथचे आशीर्वाद. वि. वि.

अप्पा काल येऊन आज दुपारच्या मोटारीनं निघाले. हे पत्र त्यांच्या मागोमाग पोचंल. आत्याला वाचून दाखवायचं की न्हाई ते तू ठरव.

मला घ्यायला येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून मी गेलो न्हाई. काल दहाच्या सुमारास मान वर केली तर अप्पा समोरच्या पिंपळाखाली उभे. किती वेळ होते कोण जाणे, कारखान्याची पाटी वाचत होते. पाटीवर तीन शब्द आहेत. उस्तादांनी त्यांना कमरेच्या पट्ट्यावरून ओळखलं आणि स्वतः आत आणलं. कचेरीतली खुर्ची पुढं केली. अप्पा खुर्चीकडं बघितलं न बघितलं करून माझ्याशेजारी तरटावर मांडी घालून बसले.

मग दोन तास त्यांनी सगळ्यांना हैराण केलं. हे कातडं कुठलं, मेण का लावता, टाका वाकडा का गेला. बक्कलाच्या जिभेवरून उस्तादांशी भांडले. उस्तादांनी त्यांचा पट्टा काढून घेतला आणि कानशीनं जीभ तिथल्या तिथं आखूड करून दिली. तेवढा वेळ अप्पा दोन्ही हातांनी धोतर धरून बसले होते. पोरगा कसा आहे म्हणून विचारलं. उस्ताद म्हणाले, हात चांगला आहे, तोंड फार आहे. अप्पा हसले. नीले, वर्षभरानं पाहिलं मी ते हसणं.

तुझ्याबद्दलही बोलले. म्हणाले, या वेळी आधी खरं सांगायचं, मग पोहे द्यायचे, आणि पोरगी न्हाई म्हणाली तर न्हाई.

दुपारी ऊन चढलं. अप्पांना तहान लागली. उस्तादांनी काही न बोलता एका कामगाराला नाक्यावरच्या लिंगायत खाणावळीतून पाण्याचा तांब्या आणायला खूण केली. त्यांना सवय आहे, नीले. बाहेरचं कुणी आलं की ते असंच करतात, आणि आम्ही सगळे तेव्हा खाली मान घालून काम करतो. अप्पांनी विचारलं की हा कुठं निघाला. कामगार दारातच थबकला. मग त्यांनी विचारलं की कोपऱ्यातल्या त्या माठात पाणी न्हाई का.

सगळ्यांचे हात थांबले. उस्ताद जागचे हलले न्हाईत. अप्पा गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठले, झाकण काढलं, पेला बुडवला. पहिला पेला आपल्या घरी पितात तसा वरून प्यायले. दुसरा ओठ लावून. मिशा पुसल्या आणि उस्तादांना म्हणाले की पाणी गार न्हाई, माठाला ओलं फडकं गुंडाळत जा.

उस्ताद उठले आणि स्वतः फडकं भिजवून आणलं. दोघांनी मिळून ते माठाला गुंडाळलं, आणि घट्ट कसं बांधायचं यावरूनही भांडले.

मी मान वर केली न्हाई. माझा टाका चुकीच्या भोकात गेला होता, उद्या उसवावा लागंल.

आत्याला नमस्कार, तुला माझी सगळी माया.
तुझा अण्णा,
मल्लिनाथ