सपाट तळाची बोट

८ जुलै १९७४, सोम.
सकाळी पाणी परातीतल्यासारखं. दुपारून वारा. धरणात लाटा उठतात म्हटलं तर जळगावात घरी हसतील. बोट चौदा फुटी, तळ सपाट. शांत पाण्यात खुशाल दहा माणसं नेते, चिखलातही काठाला लागते. लाटेत मात्र खालून थपडा. कंबर गेली. पल्याड काठावर रोवलेल्या काठीवर पांढरं फडकं म्हणजे उतारू, लाल लुगडं म्हणजे दवाखाना. आज तीनदा पांढरं.

११, गुरु.
वाचलो. भर पाण्यात पुढचं टोक लाटेत घुसलं, घोटाभर पाणी आत. पोती, बाया, सगळं पुढं. ओरडलो. पल्याडच्या गावचे आबा शांतपणे म्हणाले, "मांगे वजन टाकं ते उलाळ व्हस ना, भाऊ." मागं वजन पडलं की गाडी उलाळते, म्हणून बैलगाडी भरतात तशी बोट भरली. माझंही चुकलं, निघताना बघायला हवं होतं.

१४, रवि.
धुळ्याला खात्याच्या साहेबांना लिहिलं. बोट वीस फुटी हवी, तळ खाली निमुळता. बंदरावर तीन वर्षं तशी चालवली, ती लाट कापत जायची. ही प्रत्येक लाटेवर चढते नि आपटते. वाऱ्यात बंद ठेवावी. हेही लिहिलं की तसली बोट काठाला येणार नाही, लोकांना पाण्यातून चालावं लागेल. खोटं कशाला.

१६, मंगळ.
साहेब जीपने आले. कागद पुढं केला: 'बोट कोणत्याही हवेत चालवण्यास योग्य.' सही केली तर जळगावची बदली तयार. नाही तर ही बोट गोदामात, नवी येईल ती मंजूर होईल तेव्हा. बदली झाली तर माझ्या जागी येणारा ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर आहे. "शिकेल," म्हणाले. शनिवारपर्यंत मुदत. बायकोला कळवलं नाही, ती म्हणेल कर सही. थकलोय. खरंच घरी जावंसं वाटतं.

१८, गुरु.
आबांच्या कानावर गेलंय. आज त्यांनी स्वतः माणसं मधोमध बसवली, पोती मागं. उतरताना म्हणाले, "बोट बंद करू नको रे भाऊ. सूनना दिन भरेल शेतस." दिवस भरलेली बाई, रस्त्याने दवाखाना नऊ कोस.

२०, शनि.
कागद खिशात, घामाने मऊ. सही नाही. खाली एक ओळ वाढवावी म्हणतो: वारा असताना फक्त... पुढचं सुचत नाही.

दु. ३. वारा तसाच. काठीवर लाल लुगडं.

बोटीत मागच्या बाजूला गोधडी अंथरली. येताना आबांची सून तिथं, आबा मधे. पुढं कुणीही बसणार नाही. टाकी भरली. वर रस्त्यावर साहेबांची जीप वाजतेय. कागद सहीविना या वहीतच ठेवून निघतो.