अंबाडीच्या विहिरीतला कंदील

बाबा,

परवा प्रयोगशाळेत जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. कॉलेजात आम्ही कथिलाच्या ऑक्साइडची वडी करतो. कथिल म्हणजे भांड्यांना कल्हई करायचं तेच. वडी तापवून तिच्यातून वीज सोडायची. विषारी वायू जरासा लागला तरी मीटरचा काटा चढतो. परवा सडक्या अंड्यांसारख्या वासाचा वायू सोडला होता. शेजारी स्पिरिटचा दिवा शांत जळत होता. थोड्या वेळाने वास येईनासा झाला. मी म्हणालो, "वायू संपला वाटतं." काटा मात्र चढतच होता. सरांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. म्हणाले, "हा वायू वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस."

व्हरांड्यात बसलो आणि आपली पडीक विहीर समोर आली. तिच्यात वाखासाठी अंबाडी सडवायला टाकली आहे. तुम्ही काठावर वाकून आकड्याने पेंढ्या ढवळताय. काका नाक दाबून म्हणतात, "दादा, तुले वास नाही येऊन राह्यला काय?" तुम्ही हसता, "मोठा नवरदेव लागून गेला बे तू!" हवा पाहायला कंदील खाली सोडता. तो जळत राहतो. मग तुम्ही म्हणता, "वास बी गेला, पाय. हवा साफ झाली. दोर धर." आणि दोराला धरून खाली उतरता.

हाक नाही, ओरडणं नाही. दोर वर आला तो रिकामा. कंदील तेव्हाही जळत होता. काका सगळ्यांना सांगत राहिले, "त्यानं आवाजच नाही देल्ला, मी काय करू?" आईने ते कधीच मानलं नाही. दोर काकांच्या हातात होता, एवढंच तिने धरलं. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोललेली नाही. चिखलीच्या बाजारातून येताना ते आपल्या ओट्यावर भाजी ठेवतात आणि निघून जातात. ती भाजी आई शिजवते, पण स्वतः खात नाही.

आज गावी आलो आणि आधी काकांना सांगितलं. विहिरीत तोच वायू होता, त्याने एका श्वासात माणूस पडतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही, दिव्याला काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्या हातून नाही?"

"नाही, काका."

"मंग मले काऊन सांगतं? तुह्या मायले सांग."

आई चुलीपाशी आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. तिने दोनदा जेवायला हाक मारली. मी "आलो" म्हणतो आणि तुम्हाला लिहीत राहतो.