तारीख न घातलेलं अंडं

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. वरातीमागून घोडं म्हणतात ते आम्हीच. कारखान्याच्या या नव्या वसाहतीत बारा घरं, सहा-सहाच्या दोन रांगा. अकरा कुटुंबं एकोणतीस तारखेला एकाच दिवशी राहायला आली. आमचं बारावं. ठमीला ताप आला आणि आम्हाला चार दिवस उशीर झाला. माझ्या लेकीचं सगळंच उशिरा. दात उशिरा, चालणं उशिरा, आणि पाच वर्षांची झाली तरी अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलेल, तिची वेळ झाली की. तिचे बाबा जहाजावर, सहा महिन्यांनी येणार. तोवर घरात बोलायचं काम माझ्याकडे, आणि ते मी मनापासून करते.

घर झकास आहे. भिंती आतबाहेर पांढऱ्याशुभ्र, कोपरे गोलसर, त्यामुळे कपाट काही भिंतीला टेकत नाही. पुढच्या भिंतीवर बाहेरून कुणीतरी मोठी फुली मारली आहे आणि मागच्या भिंतीवर गोल. गवंड्यांची काही खूण असेल. स्वयंपाकघरात सकाळचं छान ऊन येतं. उद्यापासून दवाखान्यात नर्स म्हणून रुजू.

५ ऑक्टोबर

चार नंबरात कारखान्याच्या शाळेतले मास्तर राहतात, एकटेच, निवृत्तीला आलेले. येताना कोंबड्या घेऊन आलेत. ठमी त्यांच्या खुराड्यापासून हलेना, तेव्हा त्यांनी अंडी उबवायची आपली पेटीच आम्हाला दिली. बारा खळगे, सहा-सहाच्या दोन रांगा. अंडी मात्र अकराच निघाली.

मग माझी शिकवणी झाली. आत साडेसदतीस अंश, ना जास्त ना कमी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलं की नाही ते कळतं. दिवसातून तीनदा फिरवायचं. सातव्या दिवशी उजेडावर धरून बघायचं, रिकामं निघेल ते काढून टाकायचं. शेवटी पिल्लू आतून टकटक करतं, पण आपण हात लावायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे आमचं घरही कुणीतरी उबवायला ठेवलंय म्हणायचं. मास्तर खूप हसले. म्हणाले, मग तुम्हाला तीनदा फिरवायला हवं.

९ ऑक्टोबर

ठमीनं फ्रॉकच्या ओच्यातून एक अंडं आणलं आणि बाराव्या खळग्यात ठेवलं. तिथेच माझा हात धरून उभी राहिली. मास्तर म्हणाले होते की मागून ठेवलेल्या अंड्यावर तारीख घालायची. फुली-गोल केला, तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. तारीख उद्या घालेन.

१२ ऑक्टोबर

आज बाथरूममध्ये अंधार करून टॉर्चवर अंडी पाहिली. अकरांत लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका. मी तर हरखूनच गेले. बाराव्यात काही नाही, नुसता पिवळा उजेड. ठमीनं माझं मनगट धरलं, मान हलवत राहिली. मी म्हटलं, हट्ट करू नकोस, नासकं अंडं फुटलं तर बाकीच्यांचं वाटोळं. दोन दवाखान्यांत वीस वर्षं काढली मी, मला रिकामं कळतं.

बशीत फोडलं. पिवळ्यावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. धडधडत होता.

रिकामं नव्हतंच ते. चार दिवस उशिरा ठेवलेलं होतं. बाटलीवर तारीख नसली की मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. ठमी रडली नाही. त्या ठिपक्याच्या ठेक्यात बशीच्या काठावर नखानं टकटक करत राहिली. मग ठिपका थांबला, आणि तीही थांबली.

१३ ऑक्टोबर

मास्तरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, बघणारा वाईट नसतो हो, तो एकदाच बघतो, एवढंच.

दुपारी एक नंबरच्या घरामागे प्रचंड उजेड पडला. भिंती लालसर पेटल्या आणि आतली माणसं सावल्यांसारखी आरपार दिसली. पाच मिनिटांत विझला. तिथल्या बाई हसत होत्या, म्हणे अंग छान शेकलं. वसाहतीचे मॅनेजर म्हणाले, विजेची चाचणी असेल.

१४ ऑक्टोबर

सकाळचं ऊन निजायच्या खोलीत आलं. स्वयंपाकघरात अंधार. बाहेर जाऊन पाहिलं तर रस्त्याकडे गोल होता. दुपारी कामावरून आले तेव्हा फुली. तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडलेलं. तापमापक टेबलावर नुसतं ठेवलेलं होतं, त्यातला पारा साडेसदतीसवर.

उजेड आज दोन नंबरावर. रोज एक घर.

१६ ऑक्टोबर

आज चार नंबर. मास्तर खोलीच्या मधोमध उभे दिसले, हात खाली सोडून. उजेड विझेना. बराच वेळ विझेना. मग विझला.

मी धावत गेले. घर नाही. तिथे पांढरा, गुळगुळीत खळगा आहे. तीन नंबरच्या बाई म्हणाल्या की तो पहिल्यापासूनच आहे, पाण्याच्या टाकीसाठी. कोण मास्तर, असं विचारलं त्यांनी मला.

मास्तर रिकामे नव्हते. थकले होते फक्त.

१८ ऑक्टोबर

मॅनेजरकडे गेले. हात जोडून सांगितलं की आम्ही तीन तारखेला आलो, तेवढं कुठेतरी लिहून ठेवा. त्यांनी वही दाखवली. बाराही घरांपुढे एकच तारीख आहे, एकोणतीस. म्हणाले, चार दिवसांनी असा काय फरक पडतो?

दुपारी ठमीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर पडले. रस्ता चढतच गेला. दोन्ही बाजू पांढऱ्या. पाय ठरेना इतका चढ झाला, आणि घसरत आलो ते आमच्याच दारात.

२१ ऑक्टोबर

नऊ नंबर. लगेच विझला. ती माणसं गुटगुटीत दिसतात, गालांवर लाली. माझी ठमी काडीसारखी. तिला उभी करून मीच पाठीमागून टॉर्च धरला. काही दिसत नाही. माझ्या हातातूनही दिसत नाही. पण तिच्या छातीला कान लावला तर— आहे. चालू आहे.

२२ ऑक्टोबर

दार फुगलंय. उघडत नाही. खिडक्याही नाहीत उघडत. भिंतींना पाझर. हाका मारल्या. दहा नंबरात सगळी हसत होती.

२३ ऑक्टोबर

अकरा. झालं त्यांचं. पेटीचं झाकण बंद केलं, अठरावा दिवस, आता पिल्लं निघेपर्यंत उघडायचं नाही. ती अकरा सुखरूप आहेत. मी टिकवलं त्यांना. त्या एकालाच—

उद्या आम्ही.

२४ ऑक्टोबर

बाहेर जाऊन घरावर तारीख लिहिता येत नाही म्हणून आतून लिहिते आहे. जखमेला लावायचं जांभळं औषध, बोटानं, सबंध भिंतभर. अक्षरं उलटी काढते, म्हणजे उजेडात बाहेरून सुलटी दिसतील. पण उजेड कुठल्या बाजूनं येईल? सकाळी फुली पुढे होती. आता कळत नाही. चारही भिंतींवर लिहायला हवं. औषध संपत आलं—

भिंत कोमट होते आहे. ठमीच्या बोटांच्या कडा लाल दिसताहेत.

ती भिंतीपाशी गेली. नखानं टकटक करते आहे. थांबत नाही. मी तिला धरत नाही— ऐकू जाऊ दे— पण मी तरी कुठे ऐकलं होतं, मी नुसतं पाहिलं—

फार उजेड. वही दिसेना.

तीन तारखेला आलो हो. रिकाम्या नाही. एकदा परत बघा, चार दिवसांनी बघा, फक्त चार दि—